अर्धवेळ नोकरी, निराधार अनुदान आणि मेडिकल बोर्ड: जाण्याआधीची तयारी

मेडिकल बोर्डाची तारीख हातात आली की अर्धवेळ काम करणाऱ्याला पहिली धास्ती वाटते ती त्या कामाचीच. आपण चार तास कामाला जातो हे डॉक्टरांना कळलं तर अपंगत्वाचे टक्के कापतील, मग अनुदानही जाईल. या धास्तीपोटी कुणी काम लपवतं, कुणी मुश्किलीने मिळालेलं काम सोडून देतं. मी मुंबईत ओळखीच्यांबरोबर बोर्डाला सोबत म्हणून जाते, आणि निघण्याआधी सगळ्यांना एकच सांगते. रुग्णालयातलं बोर्ड अपंगत्व मोजतं. उत्पन्न बघते ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेची शाखा. दोघांचे प्रश्न वेगळे, म्हणून घरी फायलीही दोन करा.

पहिली फाइल रुग्णालयाची. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर भरलेल्या अर्जाची पावती सगळ्यात वर, त्याखाली आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अपंगत्वाचा जुना दाखला. पत्ता आधी तपासा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, आणि लालबागची खोली सोडून कांदिवलीला गेलेल्या कितीतरी घरांत आधारवर अजून जुनाच पत्ता असतो. ती दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी करा. जुना दाखला तात्पुरता असेल तर त्यावरची मुदत बघा आणि ती संपायची वाट न बघता नूतनीकरणाच्या मागे लागा.

मग उपचारांचे कागद. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआयचा रिपोर्ट, ऑडिओग्राम, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेनुसार लावा, ताजं वर. केईएम, सायन, नायर किंवा जेजेच्या ओपीडीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की तिथल्या डॉक्टरांकडे जाड गठ्ठा चाळायला वेळ नसतो. म्हणून सगळ्यावर एक पान ठेवा: त्रास कधीपासून, शस्त्रक्रिया कोणत्या आणि कधी, सध्या औषधं कोणती, थेरपी चालू आहे का. हे पान मराठीत हाताने लिहिलेलं असलं तरी चालतं. मूळ कागद एका कप्प्यात, झेरॉक्स दुसऱ्या. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका.

आता खरी तयारी, आणि ती उत्तरांची आहे. आपल्याकडे कुणी विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायची सवय असते, आणि डॉक्टरांपुढे तर माणूस जास्तच सावरून बसतो. ‘चालता येतं का?’ असं विचारलं की ‘हो, येतं’ एवढंच तोंडातून निघतं. ते खोटं नसतं, पण अर्धंच असतं. किती अंतर, काठी घेऊन की न घेता, मध्ये बसावं लागतं का, दुसऱ्या दिवशी पाय सुजतो का, दादरचा पूल चढायला किती वेळ लागतो, हे घरी बसून लिहून काढा. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, जिना, लोकल, झोप, प्रत्येकाला दोन-तीन ओळी. चांगला दिवस कसा जातो आणि वाईट दिवस कसा, आणि महिन्यात वाईट दिवस साधारण किती येतात, हेही लिहा. घरच्यांना वाचून दाखवा. आई किंवा बायको लगेच सांगेल, ‘अहो, चपलेचा पट्टा मी लावून देते, ते कुठे लिहिलंत?’ इतकी वर्षं झालेली मदत आपल्याला दिसेनाशी होते, तीच नेमकी सांगायची राहते.

कामाचंही तसंच लिहा. ‘क्लासमध्ये फोन घेतो’ एवढ्यावर थांबू नका. किती तास, आठवड्यातून किती दिवस, बसून की उभं राहून, जड कोण उचलतं, मध्ये आडवं व्हावं लागतं का, दुखणं वाढलं की सुट्टी मिळते का, घरी आल्यावर संध्याकाळ कशी जाते. जमल्यास मालकाकडून एक साधं पत्र घ्या, त्यात कामाचे तास, पगार आणि तुम्हाला दिलेली सवलत लिहिलेली असावी. हात-पाय, दृष्टी, श्रवण यांच्या मोजणीत सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, दिसण्या-ऐकण्याच्या चाचण्या बघतात. नोकरी आहे म्हणून त्यातले आकडे बदलत नाहीत. मानसिक आजाराचं मात्र वेगळं आहे. तिथे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, आणि आजार किती काळ आहे याचे गुण वेगळे धरतात. म्हणजे इथे कामाबद्दल थेट विचारणारच. कामावर नियमित जाता येतं का, काम वेळेत पुरं होतं का, किती नोकऱ्या सुटल्या, हे तपशील तयार ठेवा आणि जवळच्या माणसाला बरोबर न्या, कारण त्यालाही विचारतात.

एकाहून जास्त अपंगत्वं असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज धरून जाऊ नका. त्याचं सूत्र असं आहे की ४० आणि २० मिळून ६० होत नाहीत, सुमारे ५१ होतात. हे आधी माहीत असलं म्हणजे दाखला हातात आल्यावर धक्का बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक लाभांची पायरी ४० टक्के आहे.

बोर्डाच्या दिवशी औषध चुकवू नका. जास्त आजारी दिसावं म्हणून कॅलिपर किंवा श्रवणयंत्र घरी ठेवून जाण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रोज जे वापरता ते घेऊन जा. सकाळच्या गर्दीत दिव्यांग डब्यातही चढणं कठीण जातं, तेव्हा लवकर निघा. कामावर त्या दिवसाची पूर्ण सुट्टी सांगा. पाणी, डबा आणि सोबतीला एक माणूस हवाच.

दुसरी फाइल उत्पन्नाची, आणि इथे मला वाईट वाटतं ते स्पष्टच लिहिते. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६. मुंबईत अर्धवेळ कामाचा पगारही एवढ्याला टेकतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान महिन्याला १,५०० वरून २,५०० झालं, हे चांगलंच झालं. मर्यादाही वाढायला हवी. पण आज आहे ती मर्यादा धरूनच हिशेब करा. पगाराचे पैसे आणि घरातल्या इतरांची कमाई एका कागदावर मांडा, पासबुक भरून घ्या, उत्पन्नाचा दाखला खऱ्या आकड्यांवर काढा. आकडा मर्यादेच्या वर जात असेल तर शाखेत स्वतः जाऊन विचारा. दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीने घेतल्यास दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे. अनुदान बंद झालं तरी यूडीआयडी कार्ड रद्द होत नाही. रेल्वेची सवलत आणि नोकरीतलं आरक्षण ही अपंगत्वावर मिळतात, निराधार अनुदानावर नाही.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, अपंगत्वाचा प्रकार, टक्के, आणि तो कायमचा आहे की तात्पुरता, हे वाचा. नावातली चूक त्याच दिवशी दाखवा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. टक्के पटले नाहीत तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. ती तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि अपिलाला तीच पहिली फाइल जोडा. नव्या दाखल्याची झेरॉक्स संजय गांधी शाखेत द्या, दिल्याची पोच घ्या, आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला कधी द्यायचा हे त्याच खेपेत विचारून या.