डोळा फडफडत असेल तर झोप, चहा, खर्रा आणि फवारणी तपासा

एकाच डोळ्याची, बहुतेकदा खालची पापणी बारीक थरथरते, थांबते आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होते. समोरच्याला दिसतही नाही, पण ज्याचा डोळा त्याला चैन पडत नाही. पुरुषाचा उजवा लवला तर शुभ, बाईचा डावा लवला तर शुभ, हे गावात लेकराबाळांनाही पाठ असतं. शरीरात घडतं ते इतकंच: पापणी मिटणारा गोल स्नायू डोळ्याभोवती असतो, त्यातले थोडे तंतू आपल्या ताब्याबाहेर आकसतात. नजरेला यापासून धोका नसतो. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत हे आपोआप थांबतं. मात्र कारण तसंच राहिलं तर लांबतं, म्हणून आधी कारण शोधायचं.

पहिलं कारण झोप. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत शेतीपंपाची लाईन रात्रीची असली की कास्तकार रात्रभर वावरात आणि सकाळी पुन्हा कामावर. असे चार-पाच दिवस गेले की पापणी उडू लागते. ओलिताची पाळी घरात किंवा शेजारच्या धुऱ्यावाल्याशी वाटून घ्या, म्हणजे एकाच माणसाला लागोपाठ जागरण होणार नाही. पहाटे घरी आल्यावर चहा न घेता, जेवून किंवा दूध पिऊन सरळ झोपा. खोलीत अंधार करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसा दोन तुकड्यांत झोपलात तरी चालेल, पण एकूण 7 तास भरले पाहिजेत.

दुसरं कारण चहा. घरचा, टपरीवरचा, पाहुण्यासोबतचा असा प्रत्येक कप एक दिवस नीट मोजा, आकडा पाहून तुम्हीच चकित व्हाल. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी 3 च्या आत घ्या. एकदम बंद केला तर डोकं ठणकतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू करतो. दर दोन दिवसांनी एक कप कमी करा, दिवसाला दोनवर आणा. खर्ऱ्याचंही तसंच आहे. त्यातल्या तंबाखूचं निकोटीन नसांना चेतवतं, आणि रात्री जागं राहण्यासाठी खर्रा खाल्ला की झोप आणखी लांबते. खर्रा घोटलेल्या बोटांनी डोळा चोळू नका. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. तसं झालंच तर ताबडतोब निदान अर्धा तास स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहा आणि मग थेट दवाखान्यात जा.

तिसरं, कोरडा डोळा. आपल्याकडचा उन्हाळा, तुरीच्या मळणीचा भुसा, चुलीचा धूर आणि कूलरची तोंडावर येणारी हवा यांनी डोळ्यांतलं पाणी सुकतं, डोळे चुरचुरतात आणि पापणी उडते. कूलरची दिशा पायाकडे करा. मळणीला बाजूंनी बंद असलेला चष्मा लावा. मेडिकलमध्ये कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज 0.5 टक्के हे थेंब मिळतात. दिवसातून 4 वेळा एकेक थेंब टाका आणि उघडलेली बाटली महिन्यानंतर फेकून द्या. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. मध, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. थुंकी लावून पापणीवर काडी चिकटवणंही बंद करा, त्यानं फक्त जंतू आत जातात.

शेक असा द्यावा. हात साबणानं धुवा. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. सहज सोसलं तरच मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. फडकं मिनिटाभरात निवतं, पुन्हा भिजवा, असं 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. नंतर बोटाच्या टोकानं पापणीवर हलकं गोल फिरवा, बुबुळावर दाब देऊ नका.

मोबाईल पाहताना दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूरच्या झाडाकडे पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा. वय चाळीसच्या पुढे असेल आणि तांदूळ निवडताना, सुई ओवताना ताण येत असेल तर नंबर तपासून घ्या. शक्तीच्या गोळ्या, टॉनिक यांवर पैसे घालू नका, त्यांनी ही फडफड थांबते असा भक्कम पुरावा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फवारणी केल्यावर त्याच दिवशी पापणी किंवा अंगातले स्नायू फडफडू लागले, तर ते थकव्यावर ढकलू नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं नसेचा इशारा थांबवणारं विकर बंद पाडतात, त्यामुळे स्नायूंना आकसण्याचा इशारा मिळतच राहतो. सोबत घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं, छाती आवळणं यांपैकी काही असेल तर विषबाधाच समजा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना कास्तकार आणि मजूर दगावले, हे विसरता येणार नाही. उंच पऱ्हाटीत फवारा थेट तोंडावर येतो. माणसाला वावराबाहेर आणा, कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं आणि डोळे निदान 15 मिनिटं साध्या पाण्यानं धुवा. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. ओकारी काढू नका, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या. दवाखान्यात अॅट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जीव वाचतो.

एरवी ग्रामीण रुग्णालयात कधी जावं? फडफड तीन आठवड्यांवर गेली, डोळा पूर्ण मिटू लागला, दोन्ही डोळे एकदम मिटू लागले, गाल किंवा ओठाचा कोपराही ओढला जाऊ लागला, डोळा लाल होऊन घाण येऊ लागली, तर वेळ घालवू नका. पापणी एकदम लोंबली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला तर त्याच तासाला निघा.

तपासणीच्या वेळी फडफड नेमकी थांबलेली असते. म्हणून सुरू असताना उजेडात अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, दोन्ही डोळे आणि ओठ त्यात दिसले पाहिजेत.