म्युटेक्समधली हरवलेली हाक

छंद म्हणून लिहिलेल्या माझ्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, अधूनमधून गोठायचा. लॉक मोकळं, तरी त्याची वाट बघणारा एक थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) झोपलेलाच! दोन रात्री मी उगाच शेड्युलरवर, म्हणजे कोणता थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागावर, संशय घेतला. चूक क्रमाची होती: थ्रेड आधी लॉक तपासायचा, मग वाट बघणाऱ्यांच्या रांगेत शिरायचा. नेमकं त्या फटीत लॉक सुटलं, की सोडणाऱ्याला रांग रिकामी दिसायची, उठवणार कोण? आता रांगेच्या स्पिनलॉकखाली (न झोपता सतत तपासत वाट बघायला लावणारं छोटं लॉक) आधी नोंद, मग लॉकची पुन्हा तपासणी, मगच झोप. सोडणाराही लॉक मोकळं करून त्याच स्पिनलॉकखाली रांग बघतो. गोठणं बंद.

वेगासाठी एक भर: लॉकचा मालक प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर धावत असेल तोवरच फिरत, म्हणजे न झोपता लॉक तपासत, थांबायचं, नाहीतर लगेच झोपायचं. लिनक्समध्ये हे २००९ पासून आहे. मला उशिरा सुचलं.