वाढत्या वयातील मुलांचे बसणे कसे मोजावे आणि कसे कमी करावे

पाचवी-सहावीतले मूल घरात टिकत नाही. तेच मूल दहावीला पोहोचेपर्यंत दिवसाचा बहुतेक वेळ बसून काढू लागते, आणि हा बदल इतका सावकाश होतो की पालकांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नव्हती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास होते.

प्रथम आठवडाभराची नोंद ठेवावी, आणि ती शक्यतो मुलानेच लिहावी. झोप वगळून बसण्यात, रेलण्यात किंवा लोळण्यात गेलेला वेळ शाळा, क्लास व अभ्यास, प्रवास आणि करमणूक अशा रकान्यांत मांडावा. आपल्याकडे मोबाइलवरचे बसणे तेवढे डोळ्यांत खुपते आणि अभ्यासाचे बसणे गुणात जमा होते. शरीराच्या दृष्टीने मात्र दोन्ही बसणेच.

उपाय वयानुसार बदलावा लागतो. अकरा ते तेरा या वयात खेळ अजून सुटलेला नसतो, त्यामुळे संध्याकाळचा मैदानावरचा तास राखला तरी पुष्कळ साधते.

खरी अडचण नववी-दहावीत येते. शाळेपाठोपाठ क्लास, तिथे सोडायला स्कूटर, आणि ‘यंदा दहावी आहे’ म्हणून बंद केलेला खेळ, अशा तिन्ही बाजूंनी हालचाल आटते. अशा वेळी केवळ टीव्ही बंद केल्याने फारसे काही हाती लागत नाही. क्लास जवळ असल्यास मुलाला चालत किंवा सायकलने जाऊ द्यावे, आणि अभ्यासात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याची सवय लावावी. रोज तासभर खेळणाऱ्या मुलानेही उरलेला दिवस सलग बसून काढू नये, कारण व्यायाम आणि बसणे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. पाळी सुरू झाल्यावर अनेक घरांत त्यांचे खेळणे न बोलताच थांबते, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, परतताना अंधार पडतो का, सोबतीला मैत्रीण आहे का, हे आधी पाहावे.

अकरावीनंतर हुकूम चालत नाही. अभ्यासिकेत दिवस घालवणाऱ्या, रात्री अंथरुणात मोबाइल पाहणाऱ्या मुलाला बॅडमिंटन, पोहणे, जोर-बैठका यांतले काय जमेल ते स्वतःच निवडू द्यावे. स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस व्हावा. मोबाइल रात्री खोलीबाहेर ठेवण्याचा नियम केल्यास तो आईवडिलांनीही पाळावा.

जूनमध्ये शाळेचे आणि क्लासचे वेळापत्रक बदलते, तेव्हा नोंद नव्याने करावी. दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू होताच ती पुन्हा एकदा तपासावी.