मसाला चहा घरी बिघडतो कुठे? या चुका टाळा

चहा जमला नाही की पहिला दोष पावडरीला जातो. ब्रँड बदलतो, डबा बदलतो, चहा मात्र तसाच राहतो. घरच्या मसाला चहाची गडबड बहुतेक वेळा क्रमात असते: काय आधी पडलं, काय नंतर, आणि किती वेळ उकळलं. पावडर आणि मसाला दोघांनाही आधी पाणी लागतं. दूध पडलं की त्यांचा अर्क उतरणं मंदावतं.

आधी प्रमाण ठरवू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. दीडशे मिलीच्या दोन कपांसाठी पाणी 200 मिली, फुल क्रीम दूध 160 मिली, सीटीसी (दाणेदार) पावडर दोन छोटे सपाट चमचे (साधारण 5 ग्रॅम), साखर तीन चमचे, अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढं आलं आणि दोन वेलदोडे. उकळताना 50-60 मिली वाफेवर जातं, ते यात धरलेलं आहे. फुल क्रीममध्ये फॅट 6 टक्के असतं, टोन्डमध्ये 3. त्यामुळे टोन्ड दूध असेल तर पाणी 150 आणि दूध 210 करा. चहा पाणचट लागला की बरेच जण पावडर वाढवतात. त्याने रंग आणि तुरटपणा वाढतो. दाटपणा दुधानेच येतो.

दूध फाटतं

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि तिची कारणं तीन वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण आलं. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. कोमट दुधात ते जोरात काम करतं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात याच गुणावर आल्याच्या रसाने दूध जमवून गोड पदार्थ करतात. आपल्याला तो पदार्थ पातेल्यात नको आहे, म्हणून थंड दूध, पाणी आणि किसलेलं आलं एकदम गॅसवर चढवू नका. आधणाला उकळी आली की आलं घाला आणि दोन-तीन मिनिटं खळखळू द्या. तेवढ्या उष्णतेत एन्झाइम निकामी होतं, मग दूध बिनधास्त ओता. दूध पडल्यावर वरून कच्चं आलं किसायची सवय असेल तर तीही सोडा.

दुसरं कारण गूळ. गूळ किंचित आंबट असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधाला ही जोडी सोसत नाही. गुळाचा चहा करताना साखरेच्या वेळी गूळ टाकला की दूध नासलंच म्हणून समजा. चहा पूर्ण करून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बारीक केलेला गूळ घालून ढवळा आणि लगेच गाळा. हा चहा पुन्हा गरम करता येत नाही. पाहुणे पुढेमागे येणार असतील तर गुळाचा कोरा चहा आणि तापवलेलं दूध वेगवेगळं ठेवून कपात एकत्र करणं जास्त सुरक्षित.

तिसरं कारण दूधच. फ्रीजमध्ये ठीक दिसणारं दूध आतून आंबायला लागलेलं असू शकतं. चहाचं आधण स्वतः थोडं आम्लधर्मी असतं, त्यात असं दूध पडलं की टिकत नाही. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं उकळून बघा. पळी धुवावी लागेल, पण अख्खं पातेलं ओतून देण्यापेक्षा बरं.

कडवट, तुरट, नुसताच लाल

सीटीसी म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. त्यांचा अर्क झटपट उतरतो. पाण्यात दीड ते दोन मिनिटं आणि दूध घातल्यावर मध्यम आचेवर तीन मिनिटं पुरतात. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा कोऱ्या चहाइतका तुरट लागत नाही. पण पावडर दहा मिनिटं नुसत्या पाण्यात रटरटवली तर नंतर दूध तरी किती सावरणार? उलट घाईही बरी नाही. दूध घातल्यावर पहिली उकळी आली आणि लगेच गाळलं, की चहा आणि दूध वेगवेगळे लागतात. उकळी वर आली की आच कमी करा, खाली बसली की वाढवा. असं तीन वेळा झालं की रंग स्थिरावतो.

कालच्या चोथ्यात नवी पावडर टाकणं ही काटकसर नाही. ओल्या चोथ्यात रंग आणि कडवटपणाच उरलेला असतो, वास केव्हाच गेलेला. आणि महागडी दार्जिलिंगची पत्ती मसाल्यात उकळू नका. तिचा नाजूक सुगंध लवंगेपुढे टिकत नाही. मसाला चहाला आसामची दणकट सीटीसीच शोभते.

मसाल्याचा काढा होतो

मसाला चहा म्हणजे जास्तीत जास्त मसाले, हा समज सोडला तर चहा निम्मा सुधारतो. पुण्याच्या अमृततुल्यांची सगळी मजा आलं आणि वेलदोडा या दोघांवर उभी आहे. साठवणीचा मसाला करायचाच तर सुंठ 20 ग्रॅम, वेलदोडे 10, काळी मिरी 5, दालचिनी 4, लवंग 2 आणि चिमूटभर जायफळ, एवढं पुरे. लवंग वाढली की जीभ बधिरते आणि चहा पिताना दातदुखीच्या औषधाची आठवण येते. दालचिनीची पूड जास्त झाली तर चहा तळाशी बुळबुळीत होतो, कारण ती गरम पाण्यात फुगून चिकट होते; एरवी तिचा तुकडाच टाकावा. मसाले खरपूस भाजू नका, वास तव्यावरच उडतो. नुसते कोमट करून गार झाल्यावर दळा. वेलदोड्याची सालं दळली जात नसतील तर सोबत चमचाभर साखर घाला. दोन कपांना पाव चमचा मसाला, तोही आधणात पावडरीच्या आधी. वरून भुरभुरलेला मसाला तरंगतो आणि घशात खरखरतो. मसाल्यात सुंठ आहे हे विसरून आलंही पूर्ण घातलं, तर चहा पिणाऱ्याला ठसका लागणारच.

वेलदोडा मात्र शेवटी. ठेचून गॅस बंद करताना घाला आणि मिनिटभर झाकण ठेवा. गवती चहाची दोन-तीन पाती कात्रीने कापून आधणातच टाका.

दहा कपांचा चहा

दोन कपांचं माप पाचाने गुणलं की चहा फसतो. मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून लिटरभर पाण्याऐवजी 850 मिली घ्या. मिरी-लवंग तर तिपटीच्या पुढे नेऊ नका, कारण मोठं पातेलं उकळीला यायला वेळ लागतो आणि मसाला तेवढा जास्त उतरतो. पावडर दहाऐवजी आठ-नऊ चमचे. दूध आधीच गरम असू द्या. एवढं सगळं दूध थंडच ओतलं तर उकळी परत यायला बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ पावडर नुसती शिजत बसते. इंडक्शनवर करत असाल तर दूध पडल्यावर पॉवर कमी करून तळापासून ढवळा, नाहीतर खाली लागतं आणि करपट वास सगळ्या कपांत येतो.

बोअरिंगचं पाणी जड असेल तर चहाचा रंग मळकट येतो आणि वर पातळ तवंग धरतो. त्याला उपाय म्हणजे क्षार कमी केलेलं, आरओचं पाणी वापरा.

थर्मासमध्ये भरायचा असेल तर दोनदा गाळा, कारण खाली राहिलेली भुकटी आत बसून कडवटपणा सोडत राहते. थर्मास आधी उकळत्या पाण्याने खंगाळा. वेलदोडा नेहमीपेक्षा थोडा जास्त घाला, बंद भांड्यात त्याचा वास मंदावतो. तास-दीड तासात संपेल एवढाच भरा.