मुलीचं नाव वेगळं हवंय? मग आधी अर्थ तपासा

घरात मुलगी आली की बारशापर्यंत हातात जेमतेम बारा दिवस, आणि तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर याद्या सुरू होतात, आत्या एक पाठवते, मावशी दुसरी, ऑफिसमधली मैत्रीण तिसरी, आणि सगळ्यांत नावं तीच. मायरा, कियारा, शनाया, अनायरा. ऐकायला गोड आहेत, ज्यांनी ठेवली त्यांनी प्रेमानेच ठेवलीत, पण सगळेच वेगळं म्हणून हीच उचलतात त्यामुळे वेगळेपण राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की वेगळं नाव नवीन आवाज जोडून बनवायची गरजच नाही, आपल्याकडे इतके सुंदर शब्द नुसते पडून आहेत.

पहिलं काम म्हणजे यादीतल्या अर्थावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. नावासमोर "लक्ष्मीचं रूप", "देवाची देणगी" असं काहीही लिहिलेलं असतं. श्रीनिकाचंच बघा, विष्णूच्या हृदयातलं कमळ असा अर्थ सगळीकडे फिरतो, त्यात श्री आहे हे बरोबर, पण शब्द फोडून बघितला तर कमळ कुठून आलं ते काही सापडत नाही. म्हणून आवडलेलं प्रत्येक नाव कोशात बघा. संस्कृतसाठी आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट शोधता येतात, मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. कधी उलटंही होतं, तृषा छान वाटतं आणि कोशात अर्थ निघतो तहान, शर्वरी म्हणजे रात्र. तरी आवडलं तर जरूर ठेवा, फक्त माहीत असू द्या, कारण पाचसहा वर्षांची झाली की ती विचारणारच, आई माझ्या नावाचा अर्थ काय.

आता नावं शोधायची कुठे. मी तर म्हणेन नकाशा उघडा आणि तुमच्या गावाकडच्या नद्या बघा. इंद्रायणी, नीरा, पूर्णा, मांडवी ही ओळखीची आहेत, पण प्रवरा किती जणींचं ऐकलंय? प्रवरा म्हणजे श्रेष्ठ, आणि ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच नदीकाठी. एवढी गोष्ट नावासोबत मिळते! (वैतरणा मात्र सांभाळून, नदी देखणी आहे पण लोकांना यमलोकाची वैतरणी आठवते.) रागांमधे आसावरी, बागेश्री, मधुवंती. वेदांमधे गार्गी मैत्रेयी सगळ्यांना माहीत, पण लोपामुद्रा, घोषा, अपाला या ऋग्वेदातल्या ऋषिका आहेत, ज्यांच्या नावावर सूक्तं आहेत. संतांकडे मुक्ता, सोयरा, बहिणा. आणि फुलं तर अंगणातच आहेत, बकुळा, अबोली, केतकी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते बलश्री. गौतमी बलश्री ही सातवाहन राजमाता, नाशिकच्या पांडवलेण्यात तिचा शिलालेख आहे, आणि तिचा मुलगा स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवायचा, म्हणजे आईचं नाव आधी. आता महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर असंच लागतं, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव. त्यामुळे नाव ठरवताना या चारही गोष्टी एकत्र मोठ्याने म्हणून बघा. नाव लांबलचक, त्यात आईचंही लांब आणि आडनाव पाच अक्षरी, तर फॉर्म भरताना तिलाच त्रास.

मग स्पेलिंग. सई इंग्रजीत लिहिलं की बाहेरचे लोक साई वाचतात, जाईचं जय होतं, आणि प्रज्ञा पुण्यात वेगळं आणि दिल्लीत वेगळं उच्चारतात. ळ तर इंग्रजीत येतच नाही, म्हणजे परदेशात राहणार असाल तर बकुळाची बकुला होणार हे धरून चला. मला विचाराल तर यासाठी नाव सोडू नका, एकच स्पेलिंग पक्कं करा आणि जन्मदाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तेच ठेवा. हाक पण मारून बघा, घरात कोणी पूर्ण नाव घेत नाही, मृण्मयीची मृणू होणार, इरावतीची इरा.

जन्माक्षराचा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचा प्रश्न बऱ्याच घरात येतो. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणून 108 अक्षरं. रोहिणीचा पहिला चरण असेल तर ओ येतो, मग ओवी किती छान बसतं. पण हस्तात ष, ण, ठ येतात, ण वरून नाव आणणार कुठून? अशावेळी नावरस नाव पत्रिकेपुरतं ठेवतात आणि व्यवहारातलं नाव आपल्या आवडीचं, खूप घरांत हेच चालत आलंय, आजीशी भांडायचं काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून. आपल्याच राज्यात मुलींना नकुशा नाव ठेवलं गेलंय, नको असलेली म्हणून, आणि 2011 मधे सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली गेली. त्यांनी ते नाव शाळेच्या हजेरीत रोज ऐकलंय. म्हणून वेगळेपणाच्या नादात चिडवता येईल किंवा तिला खाली बघायला लागेल असं काही नको.

बारशाला आत्या कानात नाव सांगणार, तर तिला उच्चार आधी नीट सांगून ठेवा. आणि घाई करू नका, जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण नाव नंतरही घालता येतं, 12 महिन्यांपर्यंत त्याचे पैसे लागत नाहीत. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लायसन्सपर्यंत जन्मपुरावा म्हणून हाच कागद लागणार आहे.