धुऱ्यावरचं भांडण हातघाईवर येण्याआधी

मिरगाच्या तोंडावर वखरण सुरू झाली की धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं निघतात. ट्रॅक्टरवाल्यानं एक तास (नांगराची ओळ) जास्तीचं मारलं, वीतभर धुरा कोरला, की दोन घरं समोरासमोर उभी. मधे पडणारा माणूस अशा वेळी हमखास एक चूक करतो: तिथंच उन्हात न्याय करायला बसतो. भांडण थांबवणं हे अर्ध्या तासाचं काम, मिटवायला महिने लागतात. दोन्ही एकदम करायला गेलं की काठ्या निघतात.

वीतभर मातीसाठी एवढा राग येतो कुठून? 1939 साली येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन डॉलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की हवं त्याच्या आड काही आलं की माणूस आक्रमक होतो. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी 1989 मध्ये ते दुरुस्त केलं: जिवाला नकोसं झालेलं काहीही, म्हणजे उकाडा, दुखणं, अपमान, रागाला वाट करून देतं. आता आपल्याकडचा हिशेब मांडा. रात्रीची लाइन म्हणून संत्र्याच्या ओलिताला जागरण, पीककर्जासाठी बँकेत चकरा, वर 45 अंशांचं ऊन. धुरा कोरलेला दिसतो तेव्हा माणूस आधीच भरलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न धुऱ्याचा विचारू नका. ‘काका, सकाळपासून काही खाल्लं का जी?’ एवढं पुरतं.

कधी मधे पडायचं

आरडाओरडा चालू आहे तोवर वेळ आहे. घाबरायचं ते बोलणं तुटक झाल्यावर. जबडा आवळलेला, दुपट्टा खांद्यावरून काढून कमरेला बांधलेला, पायातल्या चपला बाजूला, आणि नजर समोरच्यावरून हलून आजूबाजूला काहीतरी शोधणारी. हे दिसलं की आधी वस्तू हलवा: बैल हाकायची तुतारी, फावडं, बैलबंडीतली कुऱ्हाड. पोराला हळूच सांगून बंडीच पुढं हाकून न्यायला लावा. नुसतं हत्यार नजरेसमोर असलं तरी आक्रमकता वाढते, असं बर्कोविट्झ आणि लपाज यांच्या 1967 च्या प्रयोगात दिसलं होतं. नंतर सगळ्यांनाच तसे निकाल मिळाले नाहीत. पण कुऱ्हाड लांब नेण्यात तोटा काय?

मागून येऊन दंड धरू नका, हल्ला समजून कोपर बसतो. दोघांच्या बरोबर मधेही उभे राहू नका. जो तुमचं जास्त ऐकतो त्याच्या बाजूनं, दोन हात लांब, तिरके उभे राहा आणि त्याच्याशी हळू आवाजात बोला. ‘शांत व्हा’ हे ओरडून सांगण्यात काही अर्थ नाही. नाव घेऊन, नात्यानं हाक मारा आणि पायाला काम द्या: ‘दादा, विहिरीवर चला, पाणी पिऊ.’ मोबाइल काढून शूटिंग करणाऱ्याला आधी घालवा. बघणारे जमले की माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

कोणाला लागलं असेल किंवा हत्यार खाली ठेवत नसेल, तर मधे जाऊ नका. 112 ला फोन करा, जखमीसाठी 108 ला.

अर्धा तास

दोघं एकमेकांना दिसणार नाहीत इतके लांब न्या. छातीतली धडधड उतरायला निदान वीस मिनिटं लागतात, आणि डोकं शांत वाटायला लागलं तरी अंग अजून तापलेलंच असतं. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांचं काम याच उरलेल्या उत्तेजनेवर आहे: आधीची धडधड नव्या रागात मिसळते. पाच मिनिटांत समेटाला बसवलेले दोघं पुन्हा का पेटतात, ते यावरून कळेल. मोटरसायकल दामटत आलेला मुलगा तर बापापेक्षा धोकादायक. त्याला रस्त्यावरच अडवा.

‘काढू दे मनातलं, मोकळा होईल’ हा पारावरचा सल्ला चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये रागावलेल्या लोकांना, ज्याचा राग आला त्याला मनात आणत, पंचिंग बॅग ठोकायला लावली. गप्प बसवलेल्यांपेक्षा ठोकणारेच जास्त चिडलेले निघाले. त्यामुळे पुन्हापुन्हा घटना वदवून घेऊ नका. सावली, पाणी, सावकाश श्वास, आणि विषय पावसाचा.

प्यायलेला असेल तर युक्तिवाद सोडा. दारूनं नजर आखूड होते: समोर जे आहे तेच दिसतं, उद्याचं दिसत नाही. समोरून वैरी हलवा, ताट ठेवा. बोलणं दुसऱ्या दिवशी.

मग धुरा

बैठक सकाळी नऊच्या आत, जेवून आलेल्या माणसांची, घरटी दोन. पहिल्यांदा ‘त्यानं मुद्दाम केलं’ हे वाक्य बाजूला काढायचं. दुसऱ्याच्या संदिग्ध वागण्यात वैर वाचणारी मुलं लवकर हात उचलतात, हे केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये दाखवलं. मोठ्यांचंही तेच. ‘त्यानं काहून केलं?’ असं विचारलं की उत्तरात जुनं वैर येतं. ‘तुम्ही काय पाहिलं?’ असं विचारा. कितीदा तरी निघतं ते एवढंच, की ट्रॅक्टर भाड्याचा आणि चालवणारा परगावचा.

पण एक माणूस वेगळा असतो. दरसाल गुपचूप दगड सरकवणारा, न चिडता. त्याचं आक्रमण हिशेबाचं, त्याला थंड करून उपयोग नाही, तो थंडच आहे. त्याच्यासाठी कागद. सातबारा जोडून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, लगतच्या धारकांना नोटीस जाते. मोजणी मान्य नसलेल्यानं निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागावी, दगड उपटू नये. वाद धुऱ्यावरून जाण्याच्या वाटेचा असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे जाता येतं.

मोजणीच्या दिवशी हत्यारं घरी ठेवायला लावा आणि सोबत पाण्याची कॅन न्या. खुणा दाखवल्या की दगड त्याच दिवशी, दोघांच्या देखत गाडा, मधे रात्र जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरवाल्यालाही तेव्हाच बोलावून दगड दाखवा.