युद्धाच्या देशात रोजचं जगणं टिपायचं असेल तर

कॅमेऱ्याचं शेवटी बघू. आधी काही बुधवार नाशिकच्या गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात जाऊन बसा. लेन्स एकच, ३५ मिमी. झूम घरी ठेवा, म्हणजे लांबून चोरून फोटो काढायची सोयच राहत नाही. पहिल्या खेपेला भाजीवाली मावशी "फोटो कशाला काढतो रे?" म्हणून खेकसेल. जात राहा. पुढे कधीतरी ती तुम्हाला विसरून गिऱ्हाइकाशी भाव करत बसेल. कामाचा फोटो तिथून पुढे मिळतो. काबूलमध्येही मी हेच करायचे, फक्त तिथे गल्लीच्या तोंडाशी बंदूकवाला उभा असायचा.

स्फोटाचे फोटो वृत्तसंस्थांचे, म्हणजे एजन्सीवाले तुमच्या आधी काढतात. तुम्ही नानवाईचं, म्हणजे नान भाजणाऱ्याचं दुकान धरा. तंदूर जमिनीत पुरलेला, कारागीर त्याच्या कडेला बसलेले. एक जण गोळे तोलतो, एक थापतो, एक लांब सळईने भाजलेले नान वर ओढतो. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर परदेशी मदत आटली, आणि संध्याकाळी अशा दुकानांपुढे बाया बसलेल्या दिसू लागल्या. कोणी दानशूर नान घेऊन देईल, ही आशा. अशा वेळी चेहरा घेऊ नका, बाई "घ्या" म्हणाली तरी. गल्लीतले लोक चपलेवरूनही माणूस ओळखतात, तेव्हा चपलाही फ्रेममधून काढा. हात आणि नान पुरेसे आहेत. आपण निघून येतो, तिला त्याच गल्लीत राहायचं असतं.

घरात शिरायचं तर पुरुष फोटोग्राफर बाहेरच्या खोलीत चहा पीत बसतो. बायकांच्या खोलीत मला जाता यायचं. "बाईमाणसाचं काम नाही" म्हणणाऱ्या नाशिकच्या काकांना हे मी आवर्जून ऐकवते.

फिक्सर, म्हणजे वाट काढून देणारा स्थानिक सोबती, निवडताना घाई नको. तो "आज नको" म्हणाला तर वाद न घालता परत फिरा, आणि त्या दिवसाचे पैसेही द्या. त्याचं नाव छापायचं की नाही, हे त्याला विचारूनच ठरवा. एएफपी या वृत्तसंस्थेचे शाह मराई १९९६ मध्ये ड्रायव्हर म्हणून लागले आणि पुढे काबूलचे मुख्य फोटोग्राफर झाले. ३० एप्रिल २०१८ ला एका स्फोटानंतर पत्रकार जमले, त्या घोळक्यात दुसरा आत्मघाती हल्लेखोर शिरला. मराईंसह नऊ पत्रकार गेले. म्हणून पहिल्या स्फोटाकडे धावायचं नाही, घोळक्यात तर उभंच राहायचं नाही.

टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, विकत घ्या आणि अंधारात, एका हाताने, स्वतःच्या मांडीला आवळायचा सराव करा. युद्धाचे फोटो काढणारे टिम हेदरिंग्टन २०११ मध्ये लिबियात मिस्राताला मांडीच्या जखमेतून रक्त वाहून वारले. त्यानंतर त्यांचे मित्र सेबॅस्टियन युंगर यांनी फ्रीलान्सरांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. असं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिकीट काढू नका. नेहमीच्या प्रवास विम्यातून युद्ध बहुधा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा. व्हिसा पत्रकाराचाच.

कॅप्शन त्याच रात्री लिहा: कोण, कुठे, कधी, काय करतंय. "हताश महिला" वगैरे नको. हताश आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? फोटोतली जीपीएसची नोंद बंद ठेवा, कार्डाची प्रत दुसऱ्याच्या बॅगेत.

ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने तालिबानने सजीवांच्या प्रतिमा प्रसिद्ध करायला बंदी घातली आहे. प्रांतागणिक अंमल कमी-जास्त आहे, तेव्हा कुठे जमेल ते फिक्सरला आधी विचारा, नकाशा मग उघडा.

आणि कॅमेरा? जो आहे तो चालेल, फक्त शटरचा आवाज बंद करता आला पाहिजे. लग्नाच्या ऑर्डरी मात्र सोडू नका. एजन्सीचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. माझं विम्याचं हप्त्याचं गणित अजूनही गंगापूर रोडच्या लॉन्सवरच जुळतं.